ठेक्याला वेळ लागतो

मराठी वाचकाची रेव्हशी ओळख झाली ती छाप्याच्या बातमीतून. मार्च 2007 मध्ये सिंहगडाच्या पायथ्याशी डोणजे येथे पोलिसांनी एका पार्टीवर छापा घातला, दोनशेहून अधिक तरुण-तरुणींना ताब्यात घेतले, आणि तेव्हापासून या विषयावर जे काही छापून येते त्यात नशा असते, पैसा असतो, पालकांची चिंता असते. संगीत मात्र नसते. तिथे काय वाजत होते, किती वेळ वाजत होते, ऐकणारी माणसे त्यात काय शोधत होती, हे विचारण्याची गरज कुणाला वाटली नाही. नागपुरात मिरवणुकीतल्या डीजेबद्दल आपण असेच बोलतो. दर वर्षी पोळ्यापासून दसऱ्यापर्यंत डेसिबलचे आकडे येतात, गुन्हे नोंदवले जातात, आणि रस्त्यावर चार-चार तास नाचणाऱ्या हजारो माणसांबद्दल एवढेच म्हटले जाते की त्यांना धिंगाणा घालायचा असतो. मला हे उत्तर अपुरे वाटते. टेक्नोच्या रात्रीला जाणारा आणि मिरवणुकीत धुमाल या वाद्य-ताफ्याच्या गाडीमागे चालणारा, दोघेही एकच गोष्ट शोधत असतात. न तुटणाऱ्या, हळूहळू चढणाऱ्या ठेक्यात इतका वेळ राहायचे की आपण आणि शेजारचा यांतली सीमा काही काळ पुसट व्हावी. या अनुभवाला मोठा आवाज लागतो, पण त्याहून जास्त वेळ लागतो. आपल्याकडे या कलेची आज जी अवस्था आहे तिचे कारणही हेच आहे: वेळ आखडत गेला, आणि तो आवाजाने भरून काढला गेला.

टेक्नो हे संगीत 1980 च्या दशकात अमेरिकेतल्या डेट्रॉइट या मोटारींच्या शहरात, हुआन ॲटकिन्स, डेरिक मे आणि केविन सॉन्डरसन या कृष्णवर्णीय तरुणांच्या हातून घडले. त्यात गाण्यासारखा मुखडा-अंतरा नसतो, बहुधा शब्दही नसतात. चार मात्रांचा सरळ ठेका मिनिटाला सव्वाशे ते दीडशे ठोक्यांच्या गतीने चालू राहतो आणि त्याच्यावर एकेक थर चढतो किंवा उतरतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला तो कंटाळवाणा वाटतो, आणि पाच मिनिटेच ऐकले तर तो खरोखरच कंटाळवाणा असतो. तासाभरानंतर चित्र पालटते. कान ठेक्याची दखल घेणे सोडून देतो, पाय तो सांभाळतात, आणि मग झांजेचा एक बारीक आवाज नुसता आत आला तरी सगळ्या मैदानाला तो जाणवतो. लाइव्ह टेक्नोत वादक आधी ध्वनिमुद्रित केलेली गाणी लावत नाही. ठेक्याची यंत्रे आणि सिंथेसायझर समोर ठेवून तो गर्दीकडे बघत तिथल्या तिथे ते थर रचतो. गर्दी थकली तर ठेका काढून घेतो, गर्दी थांबून वाट पाहू लागली की परत आणतो. याला देवाणघेवाण म्हणायला हवे, आणि लोक पैसे मोजून तिच्यासाठीच जातात.

हे केवळ रसिकाचे निरीक्षण नाही. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी ऑर्फिक्स या इलेक्ट्रॉनिक जोडीच्या प्रत्यक्ष मैफलीत एक प्रयोग केला. तो 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. कानाला वेगळा ओळखूही येणार नाही इतका खोल, अतिमंद्र आवाज देणारे खास स्पीकर त्यांनी दर अडीच मिनिटांनी चालू-बंद केले. ते चालू असताना प्रेक्षकांची हालचाल सुमारे 12 टक्क्यांनी वाढली, आणि आवाजात काही बदल झाला आहे हे प्रेक्षकांना कळलेही नव्हते. म्हणजे या संगीताचा एक भाग कानाआधी शरीराशी बोलतो. दुसरा पुरावा ऑक्सफर्डच्या संशोधकांचा, 2015 चा. ब्राझीलमधल्या शाळकरी मुलांना त्यांनी नाचायला लावले: काहींना एकाच लयीत, काहींना वेगवेगळ्या, काहींना जोरात, काहींना बसल्या बसल्या. दमछाक आणि एकलय या दोन्हींमुळे मुलांची वेदना सोसण्याची क्षमता स्वतंत्रपणे वाढली, आणि सोबतच्या मुलांबद्दलची जवळीकही वाढली. नशेच्या आक्षेपाकडे मी पुढे येणार आहे. इथे एवढेच लक्षात ठेवायचे की ही मुले शाळेतली होती आणि त्यांच्या हाती ठेक्याखेरीज दुसरे काही नव्हते.

आता नागपूरकडे पाहू. या शहराला आणि त्याच्या भोवतालच्या मुलखाला लांब, आवर्तनी ठेका परका नाही. गडचिरोलीच्या गावांत गोंडी रेला रात्र-रात्र चालतो. एकमेकांच्या हातात हात गुंफून तीच पावले, तेच ध्रुपद. तुकडोजी महाराजांच्या खंजिरीने विदर्भाच्या गावागावांत भजनाची बैठक बसवली, आणि तिथेही रंग चढतो तो आवर्तनांनी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या मारबतीच्या मिरवणुकीत इतवारीच्या रस्त्यांवर माणूस मावत नाही. काळी मारबत 1881 पासूनची, पिवळी 1885 पासूनची मानली जाते. रोगराई आणि सगळे अनिष्ट गावाबाहेर घालवण्याचा हा विधी आता वर्षभराच्या रागालाही वाट करून देतो, कारण बडगे म्हणवल्या जाणाऱ्या पुतळ्यांच्या रूपाने महागाईपासून भ्रष्टाचारापर्यंत सगळ्यांची धिंड निघते. ताजबागेच्या उरुसात संदल निघतो तेव्हा त्याच्यापुढे वाजणाऱ्या ढोलांमागे सगळ्या धर्मांची माणसे चालतात. आणि या सगळ्या परंपरांच्या सांध्यावर नागपूरचा धुमाल उभा आहे.

धुमालवर मराठीत समीक्षा जवळजवळ झालेलीच नाही, ही आपल्या समीक्षेची मोठी उणीव आहे. एका गाडीवर स्पीकर आणि भोंगे, सोबत ढोल-ताशे आणि झांजा, आणि त्यांना जोडून कीबोर्ड आणि ऑक्टापॅड, असा हा ताफा नागपूरपासून गोंदिया-भंडाऱ्यामार्गे दुर्ग-रायपूरपर्यंत लग्नात, गणपतीत, दुर्गा विसर्जनात वाजतो. कीबोर्डवाला सिनेमातल्या गाण्याची चाल घेतो, पण ती निमित्तापुरती. दोन ओळी झाल्या की चाल बाजूला पडते आणि ताशा-पॅडची सवाल-जवाबाची झुंज सुरू होते. वाजवणाऱ्याची नजर पुढच्या रांगेतल्या नाचणाऱ्यांवर असते. कुणी एकाने वेगळे पाऊल टाकले तर त्याला साथ मिळते. चौक आला, दुसरा ताफा समोर आला, की ठेका दुप्पट होतो. चामडे आणि वीज एकाच तालात बांधणारी ही जिवंत इलेक्ट्रॉनिक कला आहे आणि ती आपल्या वस्त्यांतल्या मुलांनी कुठल्याही संस्थेच्या मदतीविना घडवली आहे. जर्मनीने मार्च 2024 मध्ये बर्लिनच्या टेक्नो संस्कृतीची नोंद आपल्या देशाच्या अमूर्त वारशाच्या यादीत केली. आपल्याकडे धुमालची नोंद होते ती पोलीस ठाण्यात.

यावर एक गंभीर आक्षेप येईल, आणि तो मला मान्य करावासा वाटतो. मिरवणूक आणि रेव्ह यांना एका पंगतीत कसे बसवता? 13 एप्रिलच्या मध्यरात्री संविधान चौकात आणि दीक्षाभूमीवर जमणारी गर्दी भीमगीतांवर नाचते तेव्हा ती काही विसरण्यासाठी नाचत नसते. 14 ऑक्टोबर 1956 ला याच शहरात लाखो लोकांनी धम्म स्वीकारला, ती आठवण शरीराने पुन्हा जगण्यासाठी ती नाचते. ज्या रस्त्यांवरून आजोबा मान खाली घालून गेले तिथे नातू स्पीकरच्या भिंतीपुढे हात वर करून नाचतो, या गोष्टीला राजकीय अर्थ आहे आणि तो शब्दांत, नावात, निळ्या झेंड्यात आहे. टेक्नोच्या रात्री मात्र माणूस नाव, आडनाव, नोकरी दाराशी ठेवून आत जातो. एके ठिकाणी ओळख उंचावायची असते, दुसऱ्या ठिकाणी उतरवून ठेवायची असते. हा भेद खरा आहे. तरीही शरीराला हवे ते दोन्हीकडे सारखेच राहते. नुसता अर्थ हवा असता तर भाषण पुरले असते. त्या रात्री लोक भाषणापाशी थांबत नाहीत, ठेक्यापाशी थांबतात. शिवाय डेट्रॉइटचे संगीतही वर्णभेदाने दुभंगलेल्या शहरातल्या तरुणांनी घडवले होते. ज्याला रोजच्या व्यवहारात त्याच्या आडनावावरून, वस्तीवरून ओळखले जाते, त्याला ते नाव अभिमानाने गर्जावेसे वाटते, आणि कधी ते काही तास बाजूला ठेवावेसेही वाटते. या दोन इच्छा एकाच माणसाच्या असू शकतात.

मग आज या कलेची अवस्था काय आहे? माझ्या मते ती खालावते आहे, आणि दोन्ही टोकांना खालावते आहे. मिरवणुकीत वादकांच्या ताफ्याची जागा डीजेच्या भिंतीने घेतली. भाडे ठरते ते स्पीकरच्या संख्येवर. गाणी आधीच कापून, जोडून आणलेली असतात. कुठलेही गाणे दीड-दोन मिनिटांच्या वर वाजत नाही, मध्ये मंडळाचे नाव घोषणेसारखे येते, आणि गर्दीची लय जमते न जमते तोच ठेका मोडतो. समोर कोण नाचते आहे, थकले आहे की पेटले आहे, याच्याशी यंत्राला देणेघेणे नसते. हॉटेलांतल्या आणि फार्महाऊसवरच्या पार्ट्यांतही बहुतेक वेळा हेच चालते. 2007 मध्ये गोव्यात सुरू झालेल्या सनबर्नने मोठ्या रंगमंचाचे, रोषणाईचे आणि दर चार मिनिटांनी येणाऱ्या स्फोटाचे जे वळण लोकप्रिय केले, त्यात वाट पाहण्याला जागाच उरली नाही. स्फोटाची किंमत आधीच्या शांततेवर आणि विलंबावर असते. विलंबित न गाता द्रुतच गायचे ठरवले तर ख्यालाचे जे होईल तेच इथे झाले आहे.

याला कायद्याचाही हातभार लागला आहे. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस राज्य सरकारला ही मर्यादा मध्यरात्रीपर्यंत वाढवता येते. नियम आवश्यक होता. पण त्याचा कलेवर झालेला परिणाम कुणी तपासला नाही. जी गोष्ट सात तासांत चढायची ती तीन तासांत उरकायची म्हटल्यावर मंडळांनी तीव्रता वाढवली. कमी वेळात तीच झिंग आणण्याचा हा एकच मार्ग त्यांना दिसला. त्यातून भिंतींची उंची वाढली, पोलिसांची सक्तीही वाढली, आणि वादकाला कुणी विचारेना.

गोंगाटाचा आक्षेप मी हलका करणार नाही. 50 हर्ट्झच्या मंद्र आवाजाची लाट जवळपास सात मीटर लांब असते. ती भिंतीने अडत नाही. म्हणून रस्त्यावरच्याला गाणे ऐकू येते आणि घरातल्या आजारी माणसाला नुसते हादरे बसतात. ज्याने नाचायचे ठरवले नाही त्याच्या छातीवर ठोके मारण्याचा हक्क कुठल्याही कलेला नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये अशा कार्यक्रमांसाठी दिलेले मानक वाचण्यासारखे आहे: पंधरा मिनिटांची सरासरी 100 डेसिबलच्या आत, आवाजाची सतत मोजणी, कानाला बोळे, बाजूला शांत जागा. त्यात नाच बंद करा असे कुठेही नाही. आणि माझे म्हणणे बरोबर असेल तर वेळ मिळाल्यावर आवाज कमी करूनही लोकांना हवे ते मिळू शकते.

नशेचा आक्षेप जुना आहे. ब्रिटनमध्ये रेव्हची लाट एका गोळीच्या सोबतीने आली हे खरेच आहे, आणि आपल्या मिरवणुकांत दारू असते हेही उघड आहे. नशेने माणसे दगावतात. तिथे सौम्य बोलण्याचे कारण नाही. मात्र ब्रिटनने 1994 मध्ये कायदा करताना ठेक्यालाही लक्ष्य केले, आवर्तनी ठोक्यांचे संगीत अशी व्याख्याच कायद्यात घातली, आणि त्यामुळे नशा संपली नाही, पार्टी परवान्याच्या क्लबांत गेली. ब्राझीलच्या त्या शाळकरी मुलांचा प्रयोग सांगतो की ठेक्यात स्वतःची धुंदी आहे. ती येईपर्यंत थांबायला वेळ आणि चांगला वादक मिळाला नाही, की माणूस बाटलीकडे वळण्याची शक्यता वाढते, असे मला वाटते.

सगळ्यात अवघड प्रश्न बाईचा आहे. सीमा पुसट होण्याचे हे सुख आपल्या रस्त्यावर मुख्यतः पुरुषांना मिळते. दीक्षाभूमीवर बायका लाखोंनी येतात, लेकरे कडेवर घेऊन रात्र काढतात; पण धुमालच्या गाडीपुढच्या गर्दीत रात्री नऊ वाजता त्या कडेने चालतात, एकमेकींचा हात धरून. गर्दीत विरून जाणे हा ज्याच्या शरीराला धोका नाही त्याचाच आनंद आहे. तिकिटाच्या रेव्हमध्ये बाई जास्त मोकळी असते असे म्हटले जाते, आणि काही अंशी ते खरे आहे, पण ती मोकळीक विकत घेतलेली असते आणि संविधान चौकातल्या मुलीच्या आवाक्याबाहेरची असते. जर्मनीतल्या अनेक क्लबांत छेडछाडीवर लक्ष ठेवायला नेमलेली, प्रशिक्षित माणसे असतात. आपल्या मंडळांत स्वयंसेवक असतात. ते दोरी धरतात आणि गाडीला वाट करून देतात. त्यांच्यावर हे काम सोपवणे अशक्य नाही.

कस्तूरचंद पार्क किंवा रेशीमबागेच्या मैदानावर, वस्तीकडे पाठ करून लावलेल्या आणि मोजणी होत असलेल्या स्पीकरांवर, दुपारी तीनपासून रात्री दहापर्यंत तीन-चार धुमाल ताफ्यांनी सलग वाजवावे, डीजेला बंदी असावी, बायकांसाठी पुढची जागा राखलेली असावी, आणि नियमांना धक्का न लावता सात तास मिळावेत, अशी एखादी सुरुवात महापालिकेला आणि मंडळांना सहज करता येईल. त्या दिवशी तिथे डेसिबल मोजणाऱ्या माणसाबरोबर एक संगीत समीक्षकही हवा: कोणत्या ताशेवाल्याने ठेका कधी काढून घेतला, किती वेळ रोखून धरला आणि गर्दीने त्याला काय उत्तर दिले, हे लिहून घेणारा.