‘क्लिक करू नका’ म्हणणाऱ्या व्हिडिओबद्दल

गेल्या हिवाळ्यात एका सोमवारी सकाळी मला मेल आला: तुमच्या व्हिसाच्या कागदपत्रांत त्रुटी आहे, आज संध्याकाळपर्यंत इथे जाऊन दुरुस्त करा. परदेशात व्हिसावर राहणाऱ्या कुणालाही असं काही वाचून पोटात कसा गोळा येतो, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. चहाचा कप हातात होता, तसंच मी क्लिक केलं. समोर लालभडक पान उघडलं: ही चाचणी होती, तुम्ही नापास झालात. मेल आमच्याच संस्थेनं पाठवला होता. शिक्षा म्हणून चाळीस मिनिटांचा व्हिडिओ बघायचा आणि शेवटी दहा प्रश्न सोडवायचे.

पॉडकास्टच्या मागच्या भागात आपण मेलमधून पसरणाऱ्या व्हायरसबद्दल बोललो, तेव्हा हा किस्सा मी हसत हसत सांगितला होता. नंतर वाटलं, सिनेमाचं किंवा पुस्तकाचं परीक्षण करतो तसं या व्हिडिओचंही करायला हवं. नोकरी करणारे आपण बहुतेक जण वर्षातून एकदा तरी असं काहीतरी बघतो, पण त्यात नेमकं काय म्हटलंय याचा विचार कुणी करत नाही.

तर गोष्ट अशी. एक खलनायक आहे, हूडी घातलेला, अंधारात बसलेला, चेहरा न दिसणारा. एक कर्मचारी आहे, नेहमी घाईत, जरा बावळट. तो क्लिक करतो आणि कंपनी बुडते. बाकीचा सगळा व्हिडिओ आज्ञार्थी क्रियापदांचा: उघडू नका, क्लिक करू नका, पाठवू नका, विश्वास ठेवू नका. या गोष्टीत एक पात्र कुठेच दिसत नाही. ज्यानं ते सॉफ्टवेअर बनवलं, ज्यानं ते ऑफिसात बसवलं आणि एका क्लिकवर सगळं बुडेल अशी रचना केली, तो कुठे आहे?

हे पात्र वगळायची सवय जुनी आहे. ४ मे २००० ला फिलिपिन्समधून ‘आय लव्ह यू’ नावाचा व्हायरस सुटला. विषयाच्या जागी तेच तीन शब्द, सोबत एक फाइल. एका दिवसात तो जगभर पोचला, इथे ब्रिटनमध्ये हाउस ऑफ कॉमन्सला आपली मेल-यंत्रणा काही तास बंद ठेवावी लागली. तेव्हापासून ही गोष्ट एकाच सुरात सांगितली जाते: लोक प्रेमाला भुकेलेले, म्हणून फसले.

आता यंत्राच्या बाजूनं बघा. फाइलचं नाव होतं ‘लव्ह-लेटर-फॉर-यू.टीएक्सटी.व्हीबीएस’. शेवटचं व्हीबीएस म्हणजे ही फाइल वाचायची नाही, चालणारी आहे. पण ओळखीचे एक्स्टेन्शन लपवायचे, असं विंडोजचं मुळातलं सेटिंग होतं. त्यामुळे कित्येकांना दिसलं ते टीएक्सटीपर्यंतचंच नाव, म्हणजे निरुपद्रवी मजकुराची फाइल. ज्यानं नीट बघितलं त्यालाही यंत्रानं अर्धंच दाखवलं. क्लिक केल्यावर ती फाइल आउटलुकच्या अॅड्रेस बुकात शिरायची, सगळ्यांना स्वतःची प्रत पाठवायची आणि डिस्कवरच्या फोटोंच्या फाइलींवर स्वतःला लिहून टाकायची. मेल यायचा तो ओळखीच्याच माणसाकडून. मग ‘अनोळखी मेल उघडू नका’ हा उपदेश काय कामाचा?

बरं, हे अचानक घडलं असंही नाही. मार्च १९९९ मध्ये ‘मेलिसा’नं वर्डच्या मॅक्रोचा वापर करून अॅड्रेस बुकातल्या पहिल्या ५० जणांना स्वतःला पाठवून दाखवलं होतं. दार उघडं आहे हे तेव्हाच कळलं होतं. जून २००० मध्ये आउटलुकसाठी सुधारणा आली: अशा फाइली अडवायच्या, आणि एखादा प्रोग्रॅम अॅड्रेस बुकाला हात लावू लागला तर आधी विचारायचं. म्हणजे दाराला कडी लावणं शक्य होतं. इंटरनेटवरून आलेल्या ऑफिस फाइलींमधले मॅक्रो मुळातच बंद ठेवण्याचा निर्णय मात्र मायक्रोसॉफ्टनं अंमलात आणला तो थेट २०२२ मध्ये. मेलिसानंतर तेवीस वर्षांनी! मधल्या काळात ‘इमोटेट’सारखे व्हायरस याच वाटेनं आत येत राहिले, आणि ‘मॅक्रो चालू करू नका’ हे सांगत राहिलो आपण एकमेकांना.

‘वापरणारा हाच सर्वांत कच्चा दुवा’ या वाक्याला उत्तरही जुनंच आहे. १९९९ मध्येच लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या अॅन अॅडम्स आणि अँजेला सासे यांनी ‘वापरणारे शत्रू नव्हेत’ अशा अर्थाच्या शीर्षकाचा निबंध लिहिला. लोक नियम मोडतात ते निष्काळजी असतात म्हणून कमी, आणि नियम त्यांच्या कामाशी जुळत नाहीत म्हणून जास्त, असं त्यांचं म्हणणं. नवे अभ्यास याच्याही पुढे जातात. झुरिकच्या ईटीएचमधल्या संशोधकांनी एका मोठ्या कंपनीत १४ हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांवर १५ महिने प्रयोग केला. क्लिक केल्याकेल्या धडा देण्याची जी पद्धत सगळीकडे चालते, तिनं लोक सावध झाले नाहीत, उलट थोडे जास्तच फसू लागले. सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या आरोग्य विभागात १९ हजारांहून जास्त जणांना आठ महिने खोटे मेल पाठवले गेले. प्रशिक्षण घेतलेले आणि न घेतलेले यांच्यात फरक निघाला सरासरी १.७ टक्क्यांचा. आमिष बदललं की मात्र आकडे पार बदलत: पासवर्डच्या एका मेलला २ टक्क्यांहून कमी लोक फसले, सुट्टीच्या धोरणाच्या मेलला सुमारे ३० टक्के. म्हणजे ज्याचा जीव जिथे अडकलाय तिथे तो क्लिक करणारच. माझा व्हिसात अडकला होता.

मग काहीच शिकवू नये का? असं मी म्हणत नाही. कुठलीच गाळणी सगळं अडवत नाही, आणि खोटं बिल पाठवून पैसे मागणाऱ्या मेलमध्ये तर व्हायरस नसतोच, तिथे माणसाचंच डोकं लागतं. त्या ईटीएचच्या अभ्यासात एक गोष्ट चांगली चालली: संशयास्पद मेल कळवायचं साधं बटण. थोड्या लोकांनी लवकर कळवलं की बाकीचे वाचतात. इथल्या नॅशनल सायबर सिक्युरिटी सेंटरनंही एप्रिल २०२० पासून सामान्य लोकांसाठी असे मेल पुढे पाठवायची सोय केली आहे. आणि दाराच्या कडीचं म्हणाल तर गूगलनं २०१७ च्या सुरुवातीला आपल्या ८५ हजारांवर कर्मचाऱ्यांना यूएसबी-किल्ली वापरायला लावली. त्यानंतर कामाच्या खात्यांवर फिशिंग यशस्वी झाल्याची एकही नोंद नाही, असं त्यांनी २०१८ मध्ये सांगितलं. ती किल्ली खोट्या साइटला उत्तरच देत नाही. माणूस फसला तरी किल्ली फसत नाही. याशिवाय वेळेवर अपडेट, वेगळा ठेवलेला बॅकअप, आणि एका मशीनवरून अख्ख्या नेटवर्कात शिरता येणार नाही अशी विभागणी. यातलं एकही काम त्या बावळट कर्मचाऱ्याचं नाही. म्हणूनच व्हिडिओत ते नाही.

आता घरची गोष्ट सांगते. गेली एक-दोन वर्षं आपल्याकडे व्हॉट्सअॅपवर लग्नपत्रिका येते, पण ती असते एपीके, म्हणजे फोनवर बसणारं अॅप. पोलिसांनी याबद्दल इशारेही दिलेत. माझ्या आईला ती आली माझ्या मावशीच्या नंबरवरून. लग्नसराई, मावशीचा नंबर, पत्रिका न उघडणारी माणसं आपल्यात कितीशी असतील? आईनं उघडली. मग तिच्या नंबरवरून तीच पत्रिका सगळ्या नातेवाइकांना गेली. पंचवीस वर्षांपूर्वीचं प्रेमपत्र, नव्या लिफाफ्यात.

मला हे कळलं चार दिवसांनी, तेही भावाकडून. नशिबानं खात्यातले पैसे शाबूत होते. मी फोन केला.

“आई, मला का नाही सांगितलंस?”

“अगं, मागे त्या वीजबिलाच्या मेसेजच्या वेळी केवढी ओरडली होतीस. म्हटलं, परत कशाला बोलणी खायची.”

मी गप्प बसले. त्या वेळी मी काय काय म्हणाले होते ते मला चांगलं आठवत होतं: उघडलंस कशाला, कितीदा सांगितलंय, कळत कसं नाही तुला. लाल पानावरचीच भाषा ती. आणि तिचा परिणामही तोच झाला होता. ते चार दिवस, जेव्हा काही करता आलं असतं, आई घाबरून गप्प होती आणि पत्रिका पुढे जात होती.

त्या व्हिडिओवर माझा मुख्य आक्षेप हाच आहे. तो कंटाळवाणा आहे, जुनाट आहे, हे चालून जाईल. पण तो लाज शिकवतो, आणि लाजलेला माणूस कळवत नाही. जे एक काम माणूस यंत्रापेक्षा चांगलं करतो, लवकर ओरडून इतरांना सावध करण्याचं, तेच हा व्हिडिओ बंद पाडतो.

संस्थेच्या अभिप्राय-फॉर्ममध्ये मी हे सगळं लिहिलं, उत्तर अजून आलेलं नाही. आईचा फोन मात्र या सुट्टीत समोर बसून नीट लावून दिला: अनोळखी जागेवरून अॅप बसवायची परवानगी बंद, बँकेचं खातं वेगळ्या नंबरवर. आणि तिला सांगितलं, काही विचित्र आलं, उघडलं गेलं, तरी आधी मला फोन कर. रात्री कर, पहाटे कर. मी ओरडणार नाही.

“बघू हं,” आई म्हणाली.