वाऱ्याची मोजपट्टी, पाण्याचा मार

अमेरिकेच्या किनाऱ्याकडे चक्रीवादळ निघाले, की ते ‘कितव्या श्रेणीचे’ हा आकडा प्रथम कानावर येतो. एक ते पाच श्रेणींची ही मोजपट्टी हर्बर्ट सॅफिर या स्थापत्य अभियंत्याने १९६९च्या सुमारास तयार केली. वाऱ्याने इमारतींचे काय होईल, हा त्याचा प्रश्न होता. पुढे रॉबर्ट सिम्पसन या हवामानशास्त्रज्ञाने तिला वादळी उधाणाच्या उंचीची जोड दिली. सॅफिरच्या प्रश्नापुरते उत्तर चोख होते. मात्र ‘गावाचे किती नुकसान होईल?’ या निराळ्याच प्रश्नालाही तेच उत्तर चिकटवले जाऊ लागले, आणि आमचा आक्षेप यालाच आहे.

मिसिसिपी राज्यात पास ख्रिश्चन नावाचे किनाऱ्यावरचे छोटे गाव आहे. १९६९ साली ‘कॅमील’ हे पाचव्या श्रेणीचे वादळ या भागात धडकले, तेव्हा तिथे समुद्र सुमारे ७.३ मीटर चढला. २००५ साली ‘कत्रीना’ आले. किनाऱ्याला लागताना ते तिसऱ्या श्रेणीचे होते, पण पाणी चढले सुमारे ८.५ मीटर!

असे का व्हावे? श्रेणी ठरते ती वादळातील सर्वाधिक वेगाच्या वाऱ्यावरून. पाणी किती चढेल हे मात्र वादळाचा पसारा, किनाऱ्यालगतच्या तळाचा उतार आणि किनाऱ्याचे वळण यांवरही अवलंबून असते. कत्रीनाचा पसारा अवाढव्य होता आणि तिथला समुद्र उथळ. शिवाय आदल्या दिवशी ते पाचव्या श्रेणीचे होते. वारा मंदावला म्हणून तेव्हा उठलेल्या लाटा लगेच शमत नाहीत. कॅमीलमध्ये टिकलेली घरे सुरक्षित मानून थांबलेल्यांपैकी काहींचा या हिशेबाने घात केला.

हा अपवाद नव्हे. २००४ साली फ्लोरिडात आलेले ‘चार्ली’ चौथ्या श्रेणीचे, पण आटोपशीर. उधाण दोनेक मीटरचे. २००८चे ‘आइक’ दुसऱ्याच श्रेणीचे, पण टेक्ससच्या बोलिव्हर द्वीपकल्पावर साडेचार ते सहा मीटर पाणी आले. ही चार वादळे फळ्यावर लिहून मुलांना आधी श्रेणीने आणि मग उधाणाने क्रम लावायला सांगावे. (आपल्याकडची ‘तीव्र’, ‘अतितीव्र’ ही विशेषणेही वाऱ्याच्या वेगावरूनच लागतात.)

२०१० साली या मोजपट्टीतून उधाण आणि वायुदाब काढून टाकण्यात आले. शास्त्राच्या दृष्टीने हे योग्यच झाले. उधाणाचा स्वतंत्र इशारा सुरू व्हायला मात्र २०१७ साल उजाडले.

वादळानंतरचा हिशेब याहून वादग्रस्त आहे. कत्रीनात न्यू ऑर्लिन्स शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. तिथल्या काही कालव्यांच्या पूरभिंती पाणी माथ्यापर्यंत पोचण्याआधीच कोसळल्या होत्या. म्हणजे यातला मोठा वाटा वादळाच्या नव्हे, तर बांधकामाच्या खाती टाकायला हवा. तरी एकूण नुकसानाचा आकडा वादळाच्याच नावावर मांडला जातो.

घरे पुन्हा उभारण्यासाठी लुइझियाना राज्याने ‘रोड होम’ योजना आणली. घराची वादळापूर्वीची किंमत आणि दुरुस्तीचा खर्च, यांतील जी रक्कम कमी, ती मदतीचा आधार धरली गेली. वरवर पाहता सूत्र निःपक्षपाती वाटते. पण समजा, सारख्याच बांधणीच्या दोन घरांत सारखेच पाणी शिरले. विटा, लाकूड, मजुरी दोघांनाही त्याच भावाने. मात्र एक घर कृष्णवर्णीयांच्या वस्तीत, म्हणून त्याची बाजारातली किंमत कमी, आणि म्हणून मदतही कमी. पाण्याने न केलेला भेद असा मोजणीने केला. या सूत्राविरुद्ध २००८ साली खटला भरण्यात आला आणि २०११ साली तडजोड झाली.

शहराची लोकसंख्या २००० साली ४,८४,६७४ होती. २०१० साली ती ३,४३,८२९ भरली. जे भाड्याच्या घरात राहत होते, त्यांच्या नावे घरमालकांसाठीच्या या योजनेत रकानाच नव्हता.