इंग्रजी उपपदांचे अध्यापन : एका द्विभाजनाची मर्यादा

मराठीत उपपद नाही, म्हणून मराठी विद्यार्थी इंग्रजीत ते गाळतो, हे कारण इतक्या वेळा सांगितले जाते की पुढील चौकशीची गरजच कोणास वाटत नाही. ते खोटे नाही, अपुरे आहे. विद्यार्थी उपपद गाळतो तसाच नको तेथे ‘द’ घालतोही, आणि या दुसऱ्या प्रमादाचा उलगडा नुसत्या अभावाने होत नाही.

प्रथमोल्लेखी ‘अ’ व पुनरुल्लेखी ‘द’ हा शालेय व्याकरणांतील नियम तर फार लवकर कोलमडतो. लग्नाची हकीगत सांगताना ‘अ वेडिंग’ म्हटले की वधूचा उल्लेख पहिलाच असूनही ‘द ब्राइड’ असा होतो. कारण लग्न म्हटल्याबरोबर वधू श्रोत्याच्या ध्यानी येतेच. पॉल क्रिस्टोफर्सन यांनी १९३९ मध्ये ‘द’ची मीमांसा श्रोत्याच्या परिचयावर उभारली, ती अशा उदाहरणांत विशेष पटते.

पीटर मास्टर यांनी १९९० मध्ये मांडलेली द्विभाजनाची पद्धती याहून सुटसुटीत आहे. वस्तूचा वर्ग सांगावयाचा असल्यास ‘अ’ अथवा शून्य उपपद, वस्तूची ओळख गृहीत असल्यास ‘द’. वक्त्याच्या मनात एखादी ठराविक वस्तू आहे की नाही, या विशिष्टतेच्या प्रश्नाला तीत स्वतंत्र स्थान नाही. इंग्रजीपुरते ते योग्यच, कारण विशिष्टतेने तेथे उपपद बदलत नाही. पण इंग्रजीला ज्याची गरज नाही ते शिकणाराच्या मनातही नसते, असे थोडेच आहे? आयोनिन, को व वेक्सलर यांच्या २००४ च्या अभ्यासात रशियन व कोरियन भाषक विद्यार्थ्यांनी, वस्तू वक्त्यास ठाऊक पण श्रोत्यास अपरिचित अशा ठिकाणी, ‘अ’ऐवजी ‘द’ वापरल्याचे वारंवार आढळले.

तो निष्कर्ष मराठीस जसाच्या तसा लावता येणार नाही. तथापि मराठीची घडण विचार करावयास लावते. ‘मुलगी पाहिली’ आणि ‘मुलीला पाहिले’ यांतील भेद मराठी माणसास शिकवावा लागत नाही. पहिल्यात स्थळ पाहिल्याचा अर्थ सहज येतो, दुसऱ्यात एक विशिष्ट मुलगी उभी राहते. येथे ‘-ला’ म्हणजे ‘द’ असे सांगण्याचा मोह शिक्षकास होईल. तो आवरावा. ‘मी एका मुलीला पाहिले’ हे निर्दोष मराठी आहे आणि इंग्रजीत तेथे ‘अ गर्ल’च हवे. ‘एक’ म्हणजे ‘अ’ हे समीकरणही असेच फसवे : ‘एक माणूस आला आहे’ येथे ते जुळते, पण ‘आम्हांला नोकर हवा’ येथे मराठीत ‘एक’ नसताही इंग्रजीत ‘अ’ अटळ आहे. विद्यार्थी उपपद गाळतो ते बहुधा अशाच जागी.

सुट्या वाक्यांतील रिकाम्या जागा भरण्याचे स्वाध्याय या बाबतीत निरुपयोगीच नव्हेत, अपायकारक आहेत. ‘आय सॉ — डॉग’ या वाक्यात ‘अ’ व ‘द’ दोन्ही शुद्ध. उत्तरपत्रिकेत मात्र एकच बरोबर धरले जाते. ऐकणारा कोण व त्यास काय ठाऊक आहे, हे स्वाध्यायात सांगितलेलेच नसते. तीच हकीगत एकदा घरच्या माणसास व एकदा परक्यास सांगावयास लावली, तर ‘अ’ कोठे ‘द’ होतो हे विद्यार्थ्यास स्वतःच दिसते. नद्यांच्या नावांमागे ‘द’ आणि सरोवरांच्या नावांमागे बहुधा काहीच नाही, असल्या बाबी पाठ करून घ्याव्यात. त्यांत तर्क शोधीत बसू नये.