आणि तरीही : नगरच्या किल्ल्यात लिहिलेल्या गद्याचे सांधे

९ ऑगस्ट १९४२च्या पहाटे मुंबईत पकडलेल्या काँग्रेस नेत्यांपैकी कार्यकारिणीच्या बहुतेक सदस्यांना नगरच्या भुईकोट किल्ल्यात आणून ठेवले गेले. जवाहरलाल नेहरू त्यांत होते. २८ मार्च १९४५पर्यंत त्यांचा मुक्काम तिथेच होता. हा त्यांचा नववा आणि सर्वांत लांबलेला तुरुंगवास. मौलाना आझादांची ‘गुबार-ए-खातिर’मधली बहुतेक उर्दू पत्रे याच भिंतींआड लिहिली गेली, आणि १९४४च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत नेहरूंनी इथेच ‘द डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले. कलकत्त्याच्या सिग्नेट प्रेसने ते १९४६मध्ये छापले. या ग्रंथातल्या इतिहासाची आणि राजकारणाची चर्चा पुष्कळ झाली आहे. मला त्यातली वाक्ये एकमेकांना कुठे आणि कशी जोडली आहेत, तेवढेच पाहायचे आहे. नेहरूंच्या इंग्रजीचे बळ मला या जोडणीत दिसते.

आपल्या शाळा-महाविद्यालयांत हा विषय ‘लिंकिंग वर्ड्स’ किंवा ‘कनेक्टर्स’ या नावाने येतो. मोअरओव्हर, हाउएव्हर, फर्दरमोअर, देअरफोर अशी यादी फळ्यावर येते, मुले ती पाठ करतात आणि निबंधात दर दोन वाक्यांमागे एक शब्द पेरतात. व्याकरणाच्या प्रश्नात ‘नो सूनर… दॅन’ किंवा ‘नॉट ओन्ली… बट ऑल्सो’ वापरून वाक्य बदलून लिहायचे असते. हा सराव उपयोगाचा आहे. मात्र त्यातून अशी समजूत होते की विचार आधीच तयार असतो आणि हे शब्द त्याला मागाहून लावायचे असतात. दोन विधानांमधले नाते ठरवणे हाच विचार असतो, आणि ते नाते लिहिणाऱ्याने काय ठरवले हे उभयान्वयी अव्ययातून कळते. नेहरूंच्या पहिल्या प्रकरणात हे स्वच्छ दिसते.

त्या प्रकरणाचे नावच ‘अहमदनगर फोर्ट’. तिथे नेहरू बाग करायला लागतात. जमीन खडकाळ, जुन्या बांधकामांच्या राबिटाने भरलेली. चांदबिबीने लढवलेला हा किल्ला, हे त्यांच्या मनात आहे. खणताना जुन्या भिंती लागतात, घुमटांचे माथे लागतात, एकदा दगडात कोरलेले देखणे कमळ सापडते. पण खोल खणायला अधिकाऱ्यांची संमती नाही. मग त्यांना डेहराडूनच्या तुरुंगातले खणणे आठवते. तिथे जुन्या फाशीच्या खांबांचे बुंधे निघाले होते. आणि यानंतर ते सांगतात की कुदळ ठेवून दिली, लेखणी घेतली. या वाक्याच्या शेवटी ‘इन्स्टेड’ हा शब्द आहे. तो एकटा शब्द कुदळीच्या जागी लेखणी बसवतो, आणि दोन्हींचे काम एकच असल्याचे न सांगता सुचवतो. वरवर साध्या हकिगतीसारखा वाटलेला बागेचा मजकूर इथे ग्रंथाची प्रस्तावना होतो. पुढची शेकडो पाने खणण्याचीच आहेत, हे वाचकाच्या लक्षात येते.

आता लिहायचे कशावर? पुढचा मजकूर या प्रश्नाचे उत्तर देतो, आणि त्याची सगळी रचना चार लहान अव्ययांवर उभी आहे. वर्तमानावर लिहिता येत नाही, कारण कृतीतून त्याचा अनुभव घेण्याची मोकळीक नाही. इथे ‘बिकॉज’ चालले असते. नेहरू ‘सो लाँग ॲज’ लिहितात. आपल्या ‘जोवर… तोवर’सारखे. ‘बिकॉज’ने फक्त कारण दिले असते. ‘सो लाँग ॲज’ने कारण तर दिलेच, शिवाय त्याला मुदतही घातली. ही असमर्थता तुरुंगाइतकीच टिकणार आहे, हे कैद्याने तक्रारीचा सूर न लावता सांगून टाकले.

त्यानंतर भविष्य. संदेष्ट्याची भूमिका घेऊन त्यावरही लिहिता येणार नाही. हे वाक्य ‘नॉर’ने सुरू होते. एका नकाराला दुसरा नकार जोडताना ‘अँड’ आणि ‘नॉट’ वापरले तर दुसरा नकार मागून जोडल्यासारखा वाटतो. ‘नॉर’ने दोन्ही नकार एका पातळीवर येतात. वर्तमान गेले, भविष्य गेले, म्हणजे उरला भूतकाळ. पण तो हातात आला असे वाटते तोच ‘बट’ येतो : विद्वान इतिहासकाराच्या पद्धतीने त्यावरही लिहिता येणार नाही. हा ‘बट’ भूतकाळ नाकारत नाही, त्याच्याकडे जायची एक वाट बंद करतो. दुसरी वाट कोणती, ते ‘इफ… देन’ने कळते. भूतकाळ वर्तमानाला येऊन भिडला तर त्यात ऊब असते. तसे झाले नाही, तर तो थंड आणि निर्जीव. मुदत, जोडनकार, मर्यादा आणि अट या चार पायऱ्यांनी नेहरूंनी आपली इतिहास लिहिण्याची पद्धत मांडली. त्यांतला एकही शब्द आपल्या फळ्यावरच्या भारदस्त यादीतला नाही.

या ग्रंथातली सर्वांत प्रसिद्ध प्रतिमा भारताला एखाद्या प्राचीन लेखपटाची उपमा देते. त्यावर पिढ्यांनी थरावर थर लिहिले आहेत, आणि कुठल्याही नव्या थराने जुने अक्षर पुरते झाकलेले किंवा पुसलेले नाही. या दोन भागांमध्ये ‘अँड येट’ आहे. तिथे नुसता ‘अँड’ असता तर ती नुसती नोंद झाली असती. नुसता ‘बट’ असता तर दुसऱ्या भागाने पहिल्यावर मात केली असती. ‘अँड येट’ पहिले विधान तसेच राखतो, त्याच्या विरोधातले दुसरे शेजारी आणून ठेवतो, आणि दोन्ही खरी आहेत असे सांगतो. थर चढत गेले आणि तरीही जुने टिकले, हे नेहरूंचे भारताविषयीचे म्हणणे या दोन शब्दांत मावते. ते काढून घेतले तर प्रतिमा सुंदरच राहील, पण तिच्यातले मत नाहीसे होईल.

मराठी कानाला ही रीत परकी नाही. किल्ला आहे त्याच जिल्ह्यात, नेवाशाला, शके १२१२मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. समोर श्रोते होते आणि विषय गहन होता. म्हणौनि, परी, तरी, कां, ना तरी, किंबहुना या शब्दांच्या आधाराने ऐकणारा ओवीमागून ओवी पार करत जातो. दृष्टान्त कुठे संपला आणि सिद्धान्त कुठे सुरू झाला, हे त्याला याच शब्दांवरून कळते. असा वारसा असलेल्या मुलाला इंग्रजीतले कनेक्टर्स जड जाण्याचे कारण नाही. फरक पडतो तो एका सवयीचा. मराठीत ही अव्यये जोडीने नांदतात : जरी–तरी, जेव्हा–तेव्हा, जोवर–तोवर. इंग्रजीत ‘ऑल्दो’ आला की दुसऱ्या अर्ध्यात ‘बट’ लागत नाही. आपली मुले ‘ऑल्दो’ने वाक्य सुरू करून मध्ये ‘बट’ घालतात, ते मराठीच्या तालाला जागून. शिक्षकाने चुकीवर लाल रेघ मारण्याआधी हा ताल उलगडून दाखवला, तर मुलाला दोन्ही भाषा अधिक कळतील.

लिहिताना जोडणीचे जे कसब साधले, तेच बोलतानाही नेहरूंच्या मदतीला आले. १४ ऑगस्ट १९४७च्या रात्रीच्या भाषणात पहिल्याच वाक्यात ‘नॉट… बट’ ही जोडी आहे. संकल्प पुरता फळला नसल्याची कबुली ‘नॉट’मध्ये, आणि जे मिळाले त्याचा मोठेपणा ‘बट’मध्ये. ३० जानेवारी १९४८च्या रात्री तर हातात लिहिलेला मजकूरही नव्हता. गांधीजी गेल्याचे देशाला सांगताना रेडिओवर ते प्रथम प्रकाश मावळल्याचे आणि सगळीकडे अंधार पसरल्याचे म्हणाले. थोड्या वेळाने त्यांनी तेच विधान पुन्हा उच्चारले, ‘अँड येट’ म्हणाले, आणि आपण चुकीचे बोललो असे सांगितले. मग ‘फॉर’ आला आणि कारण आले : तो प्रकाश सामान्य नव्हता. ऐकणाऱ्याला पान मागे उलटता येत नाही, म्हणून वळण्याआधी मागचे विधान पुन्हा हाती द्यावे लागते. भाषणातल्या जोडणीचे हे मर्म त्यांनी त्या दुःखातही सांभाळले. अंधार खोटा ठरवला नाही, आणि लोकांना अंधारात सोडलेही नाही.

ग्रंथातली सगळीच पाने अशी बांधेसूद नाहीत. पाच महिन्यांत हाताने हजारभर पाने लिहिणाऱ्याचा ‘अँड’ कुठे कुठे लांबत जातो, वाक्य पसरते. पण विचाराला वळण घ्यायचे असते तिथे अव्यय नेमके येते, आणि ते बहुधा लहान असते.

नगरच्या महाविद्यालयांत इंग्रजीच्या तासाला या पहिल्या प्रकरणाची दोन पाने जरूर वाचावीत. त्यातली अव्यये झाकून ठेवावीत आणि प्रत्येक रिकाम्या जागी मुलांना विचारावे : दुसरे वाक्य पहिल्याला आधार देते आहे, विरोध करते आहे, मर्यादा घालते आहे, की त्याच्याबरोबरीने उभे राहते आहे? नाते काहीच नसेल, तर पूर्णविराम पुरेसा आहे. मुलाने भरलेला शब्द नेहरूंच्या शब्दाशी जुळला नाही तरी चालेल. आपण तोच का निवडला हे त्याला सांगता आले, की त्याला इंग्रजी लिहिता येऊ लागले असे समजावे.