ताप, पाणी आणि प्रवास : उष्णकटिबंधीय व प्रवास वैद्यकाच्या प्रशिक्षणाची खडकवासल्याच्या संदर्भात चिकित्सा

प्रास्ताविक

वैद्यकाच्या ज्या शाखेला ‘उष्णकटिबंधीय वैद्यक’ असे नाव मिळाले, ती उष्ण कटिबंधात राहणाऱ्यांसाठी जन्मली नाही. तेथे जाऊन परत येणाऱ्यांसाठी जन्मली. लिव्हरपूल येथे १८९८ मध्ये आणि लंडन येथे १८९९ मध्ये या विषयाची विद्यालये स्थापन झाली, ती प्रामुख्याने वसाहतींत नेमणूक होणाऱ्या डॉक्टरांना तयार करण्यासाठी. पुढे याच शाखेच्या शेजारी ‘प्रवास वैद्यक’ उभे राहिले. १९९१ मध्ये स्थापन झालेली या विषयाची आंतरराष्ट्रीय संस्था २००३ पासून परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देत आली आहे. या दोन्ही शाखांच्या रचनेत एक विशिष्ट प्रवासी गृहीत धरलेला आहे. तो संपन्न देशातून निघतो, लस टोचून घेतो, उष्ण प्रदेशात काही काळ राहतो आणि परतल्यावर ताप आला तर तज्ज्ञाकडे जातो. भारतीय आरोग्य व्यावसायिकांच्या प्रशिक्षणात हा प्रवासी जसाच्या तसा स्वीकारला गेला काय, आणि त्यामुळे येथील खरा प्रवासी नजरेआड झाला काय, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. त्याच्या विवेचनासाठी पुण्याच्या नैर्ऋत्येस असलेल्या खडकवासला परिसराचा आधार घेतला आहे.

सान्निध्य म्हणजे प्रशिक्षण नव्हे

‘हिवताप, डेंगी, विषमज्वर हे आपल्याकडचे रोजचेच आजार, त्यांचे वेगळे प्रशिक्षण कशासाठी?’ असा आक्षेप नेहमी घेतला जातो. रोगाच्या सान्निध्यात राहिल्याने रोगाचे ज्ञान आपोआप होते, हे त्यामागील गृहीतक आहे. इतिहास त्याला दुजोरा देत नाही. रोनाल्ड रॉस १८८१ मध्ये भारतीय वैद्यकीय सेवेत दाखल झाले. हिवतापाच्या देशात अनेक वर्षे काढूनही या रोगाचा परजीवी त्यांना खात्रीने पाहता आला तो १८९४ मध्ये, लंडनमध्ये, पॅट्रिक मॅन्सन यांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाखविल्यावर. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८९७ मध्ये, सिकंदराबाद येथे त्यांनी डासाच्या शरीरात तो शोधला. कोणी तरी ‘कोठे पाहावे’ हे शिकविल्याखेरीज रोज समोर असलेली गोष्टही दिसत नाही, हाच या घटनेचा अर्थ आहे.

महाराष्ट्रातील उदाहरण याहून बोलके आहे. १९७३ मध्ये बार्शी येथे चिकुनगुन्याची मोठी साथ आली. त्यानंतर हा आजार जवळपास विस्मृतीत गेला आणि २००५-०६ मध्ये राज्यात पुन्हा मोठ्या प्रमाणावर प्रकटला. मधल्या तीन दशकांत शिकून बाहेर पडलेल्या डॉक्टरांच्या पिढीला हा रोग केवळ पुस्तकातील एक परिच्छेद होता. झिका विषाणूची कथाही याच वळणाची आहे. पुण्यात १९५२ मध्ये विषाणू संशोधन केंद्र सुरू झाले. तेच १९७८ पासून राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते. भारतीयांच्या रक्तात झिकाविरोधी प्रतिपिंडे आढळल्याची नोंद या केंद्राच्या आरंभकाळातच, १९५४ मध्ये, प्रसिद्ध झाली होती. तरीही २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातील बेलसर येथे राज्यातील पहिला झिका रुग्ण निश्चित झाला, तेव्हा तो बहुतेकांना सर्वस्वी परका आजार वाटला. २०२४ मध्ये तर खुद्द पुणे शहरातच या आजाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले. प्रयोगशाळेतील ज्ञान आणि दवाखान्यातील शंका यांच्यामध्ये जो पूल हवा, त्याचेच नाव प्रशिक्षण.

अभ्यासक्रमातील एक शब्द

२०१९ पासून लागू झालेल्या क्षमताधिष्ठित वैद्यकीय अभ्यासक्रमात तापाच्या रुग्णाचा पूर्ववृत्तांत घेताना व्यवसाय, प्रवास आणि पर्यावरण यांतून झालेला संसर्ग विचारात घ्यावा, अशी अपेक्षा नमूद आहे. म्हणजे विषय अभ्यासक्रमाबाहेर आहे असे म्हणता येत नाही. उणीव वेगळी आहे. ‘प्रवास’ या शब्दाचा अर्थ विद्यार्थ्याच्या कल्पनेवर सोडलेला आहे, आणि ती कल्पना विमानतळापाशी जाऊन थांबते. कोविडच्या काळात हा अर्थ अधिकच पक्का झाला. ९ मार्च २०२० रोजी राज्यातील पहिले रुग्ण पुण्यात निश्चित झाले, ते दुबईहून परतलेले होते. आरंभी परदेश प्रवास हीच तपासणीची मुख्य कसोटी राहिली. काही आठवड्यांतच ती अपुरी ठरली. परंतु ‘प्रवास म्हणजे परदेश’ हे समीकरण मात्र मनात राहून गेले.

खडकवासल्याचा विचार केला की हे समीकरण टिकत नाही. येथील धरण १८७९ मध्ये पूर्ण झाले. पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांसह ते आजही पुण्याची तहान भागविते. सुट्टीच्या दिवशी शहरातील माणसे धरणाच्या चौपाटीवर व पुढे सिंहगडावर जातात. बांधकामांवर राज्यातून आणि परराज्यांतून आलेले मजूर राबतात. भाड्याने खोली घेऊन राहणारे विद्यार्थी व नोकरदार सणावाराला गावी जातात आणि परततात. यांपैकी एकाच्याही हाती पारपत्र असण्याची गरज नाही; तरीही हे सारे प्रवासीच आहेत. शिवाय येथे केवळ माणसे प्रवास करीत नाहीत. पाणीही प्रवास करते : धरणातून कालव्यात, विहिरीत, टँकरमध्ये, वीस लिटरच्या जारमध्ये. रुग्ण घरीच बसून राहिला, तरी त्याने प्यालेले पाणी दुरून आलेले असू शकते.

२०२५ च्या साथीचा धडा

जानेवारी २०२५ मध्ये नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, खडकवासला आणि सिंहगड रस्ता या पट्ट्यात गिलान-बारे सिंड्रोमचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले. संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या पुढे गेली आणि काहींचा मृत्यू झाला. रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू व काहींत नोरोव्हायरस आढळला. विहिरीचे पाणी, टँकर आणि खासगी जलशुद्धीकरण प्रकल्प यांची तपासणी झाली. काही प्रकल्प महापालिकेने बंद केले. परिसरातील कुक्कुटपालन केंद्रांतील पक्ष्यांचेही नमुने घेण्यात आले. ज्या गावांत ही साथ पसरली, त्यांतील बरीचशी २०२१ मध्ये महापालिकेत समाविष्ट झालेली होती. पाणीपुरवठ्याची शहरी घडी तेथे अद्याप पुरती बसलेली नव्हती.

प्रशिक्षणाच्या दृष्टीने या साथीतील तीन गोष्टी महत्त्वाच्या ठरतात. पहिली गोष्ट काळाची. दूषित अन्नपाण्यातून हा जिवाणू शरीरात गेला की काही दिवसांत जुलाब होतात. शरीराने त्याच्याविरुद्ध निर्माण केलेली प्रतिपिंडे क्वचित स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटतात आणि जुलाबांनंतर साधारण एक ते तीन आठवड्यांनी पायांतील शक्ती जाऊ लागते. म्हणून अशक्तपणाच्या रुग्णाला आजचे नव्हे, तर महिनाभरापूर्वीचे पाणी विचारावे लागते. प्रवासाचा पूर्ववृत्तांत हा स्थळांचा जितका, तितकाच तारखांचा असतो. डेंगीसाठी मागील दोन आठवडे पाहणे पुरेसे असते. व्हायवॅक्स हिवताप मात्र कित्येक महिन्यांनीही उलटू शकतो. हे भान ‘प्रवास : नाही’ अशा एका शब्दाच्या नोंदीने येत नाही.

दुसरी गोष्ट अंतराची. पुण्यात राहून सोलापूरला गेलेल्या एका संशयित रुग्णाचा तेथे जानेवारीतच मृत्यू झाला. पुणे ते सोलापूर हा प्रवास कोणत्याही प्रवास वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकात नसतो. परंतु सोलापूरच्या डॉक्टरला पुण्यातील विहिरीची शंका येणे, हेच प्रवास वैद्यकाचे सार आहे.

तिसरी गोष्ट व्यक्तींची. साथ ओळखली गेली ती हातापायांतील शक्ती गेल्याने मोठ्या रुग्णालयांत दाखल झालेल्या रुग्णांवरून. त्याआधीच्या जुलाबांवरून नव्हे. जुलाबाचा रुग्ण प्रथम जातो तो कोपऱ्यावरच्या दवाखान्यात, औषधाच्या दुकानात किंवा आशा स्वयंसेविकेकडे. उष्णकटिबंधीय वैद्यकाची पदविका घेतलेला तज्ज्ञ या साखळीत शेवटी येतो. या विकारावरील इम्युनोग्लोब्युलिन किंवा प्लाझ्मा बदलण्याचा उपचार अशक्तपणा सुरू झाल्यापासून पहिल्या दोन आठवड्यांत अधिक गुणकारी ठरतो, आणि तो खर्चिकही आहे. साखळीच्या पहिल्या कडीवर वाया गेलेल्या दिवसांची किंमत रुग्णाच्या श्वासाने आणि कुटुंबाच्या कर्जाने मोजावी लागते.

सैनिकी नमुना आणि त्याची मर्यादा

प्रवास गृहीत धरणारी एक वैद्यक परंपरा पुण्यातच आहे. सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय १ मे १९४८ रोजी येथे स्थापन झाले. खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी १९५५ च्या जानेवारीत रीतसर सुरू झाली. तेथे देशाच्या सर्व भागांतील, तसेच मित्रदेशांतील छात्र एकाच भोजनगृहात जेवतात. सैनिकाची बदली होते हे या परंपरेतील आरंभीचेच वाक्य असते. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर हिवतापाने सैन्य जर्जर झाले, तेव्हा जनरल स्लिम यांनी प्रतिबंधक गोळ्या घेतल्या जातात की नाही याची जबाबदारी पलटणीच्या प्रमुखांवर टाकली आणि कसूर करणाऱ्या काहींना पदावरून दूर केले. प्रतिबंध हे डॉक्टरचे एकट्याचे काम नव्हे, हा त्यातील टिकाऊ विचार आहे.

मात्र हा नमुना नागरी जीवनात सरसकट आणता येणार नाही. सैनिकाला आज्ञा देता येते, नागरिकाची संमती मिळवावी लागते. १८९७ मध्ये पुण्यातील प्लेगच्या वेळी सैनिकांकरवी घरांची झडती घेतली गेली. त्यातून उसळलेला रोष त्या वर्षीच्या २२ जूनला रँड यांच्यावरील हल्ल्यापर्यंत पोचला. रोगाविषयीचे ज्ञान लोकांच्या विश्वासाशिवाय किती लुळे पडते, याचे हे उदाहरण आरोग्यसेवकांच्या प्रशिक्षणात केवळ राजकीय इतिहास म्हणून नव्हे, तर वैद्यकीय इतिहास म्हणून शिकविले जावयास हवे.

प्रशिक्षणाची दिशा

आधीच भरगच्च असलेल्या अभ्यासक्रमात आणखी एक विषय कोंबू नये, हा आक्षेप योग्य आहे. परंतु येथे गरज नव्या विषयाची नसून जुन्या प्रश्नाचा अर्थ विस्तारण्याची आहे. ‘परदेशी गेला होता काय?’ याऐवजी चार प्रश्न पुरेसे आहेत : गेल्या महिन्यात कोठे कोठे मुक्काम केला, पाणी कोठले प्यालात, काम कोणते करता, घरात किंवा कामावर आणखी कोण आजारी आहे? हे प्रश्न डॉक्टर, परिचारिका, औषध विक्रेते आणि आशा स्वयंसेविका या सर्वांना एकाच पद्धतीने शिकविता येतील. आणि परीक्षेत त्यांना गुण असतील तरच ते विचारले जातील.

दुसरे असे की, आंतरवासितेच्या काळात विद्यार्थ्याने पाण्याचा मार्ग प्रत्यक्ष चालून पाहावा. क्लोरिनची ओटी चाचणी बहुतेकांनी पुस्तकात वाचलेली असते. ती विहिरीवर, टँकरवर आणि घरातील हंड्यावर स्वतः करून पाहिल्यास रोगाचा नकाशा डोळ्यांसमोर उभा राहतो. १९१६ पासूनचा वारसा असलेले केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र खडकवासल्यातच आहे. पाण्याचे जाणकार आणि रोगाचे जाणकार यांना एका वर्गात बसविण्यास याहून सोयीचे ठिकाण शोधावे लागणार नाही. तिसरी गरज उलट दिशेच्या ज्ञानाची आहे : नमुना वर जातो, त्याचा निष्कर्ष पहिल्या दवाखान्यापर्यंत खाली यावयास हवा. ज्याला आपल्या शंकेचे पुढे काय झाले हे कळत नाही, तो पुढच्या वेळी शंका घेईनासा होतो.

समारोप

उष्णकटिबंधीय आणि प्रवास वैद्यकाच्या पदविका, प्रमाणपत्रे व विशेषज्ञता यांचे महत्त्व कोणी नाकारीत नाही. कोलकात्याच्या विद्यालयाने १९२० च्या दशकापासून या विषयात तज्ज्ञ घडविले आणि त्यांची गरज आजही आहे. परंतु ज्या देशात बहुसंख्य प्रवास एसटीने, रेल्वेने आणि टँकरमधून होतो, तेथे ही विद्या केवळ शिखरावर ठेवून भागणार नाही. परक्या प्रवाशासाठी रचलेल्या शास्त्राला आपला प्रवासी दाखवून देणे, हे येथील वैद्यकीय शिक्षणाचे काम आहे. खडकवासल्याच्या पट्ट्यातील २०२५ च्या साथीने ते किती निकडीचे आहे हे दाखविले. ते काम शिक्षक, परीक्षक आणि पाणीपुरवठ्याचे अधिकारी यांनी मिळून हाती घेतल्यास पुढील साथ अतिदक्षता विभागात नव्हे, तर कोपऱ्यावरच्या दवाखान्यात ओळखली जाण्याची शक्यता निश्चित वाढेल.