बोर्दोची बाटली आणि बांगड्याचं तिखलं

समीक्षा लिहायची तर समीक्षकाची लायकी आधी सांगितलेली बरी. मी बी.कॉम. आहे, गेली २२ वर्षं मालवणात बँकेत कारकुनी करतो आणि माझ्या जिभेचं सगळं शिक्षण सोलकढीवर झालेलं आहे. एवढ्या भांडवलावर परवा मी एका फ्रेंच रेड वाइनचा न्यायनिवाडा करायला बसलो.

बाटली आणली भाच्याने. तो तिकडे तुलूझला नोकरीला असतो. "मामानू, ही बोर्दोची असा, मेडॉकची," म्हणत त्याने ती अशा काही अदबीने हातात दिली, की मला वाटलं आता पोच लिहून द्यावी लागणार.

लेबल मी चेक तपासावा तसं तपासलं. गाव आहे, साल आहे, मालक आहे. द्राक्षाचं नाव मात्र कुठेच नाही. भाचा म्हणाला, तिथे गाव वाचून द्राक्ष ओळखायचं. हे पटलं. 'देवगड' म्हटल्यावर आपण 'हापूस' कुठे म्हणत बसतो? जिरोंद खाडीच्या डाव्या अंगाला, म्हणजे मेडॉकला, खड्यागोट्यांची जमीन. ती पाणी धरत नाही, उन्हाने तापते, म्हणून तिथे काबर्ने सोव्हिन्याँ पिकतं. उजव्या अंगाला सेंत-एमिल्याँकडे चिकणमाती आणि चुनखडी, तिथे मेर्लोचं राज्य. जांभ्यावर कलमं जगवणाऱ्या माणसांना यात नवल ते काय?

जिव्हाळा वाटला तो तिथल्या बढतीच्या यादीबद्दल. १८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी बोर्दोच्या दलालांनी तिथल्या नामांकित लाल वाइनचे पाच वर्ग पाडले, आणि ते मुख्यतः बाजारभाव पाहून! बी.कॉम. झाल्याचं सार्थक झालं. त्यानंतर दुसऱ्या वर्गातून पहिल्यात बढती मिळाली ती एकट्या मूताँ रोथशिल्डला (हे नाव मुलांसमोर घेऊ नये), १९७३ साली. ११८ वर्षं! आमच्या युनियनने एवढं सहन केलं नसतं.

ही वाइन म्हणे खोलीच्या तापमानाला प्यायची. पण ती खोली फ्रान्सची, १६ ते १८ अंशांची. आमच्या मे महिन्यातल्या खोलीत तिचा काढा झाला असता, म्हणून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवली. पहिल्या घोटाला जीभ, हिरड्या, गाल सगळे एकदम आत ओढले गेले. "टॅनिन," भाचा म्हणाला. आमच्याकडे त्याला तुरट म्हणतात आणि ते बोंडूत फुकट मिळतं. मग हळूहळू जांभूळ आलं, थोडं लाकूड आलं, आणि शेवटी चक्क पेन्सिल. ही चव मी डोळे मिटून ओळखली. २२ वर्षं दातांत धरतोय.

इथवर ठीक होतं. पण आमच्या हिने तिरफळं घालून बांगड्याचं तिखलं केलं होतं. एक घास, एक घोट, आणि तोंडात गंजका नांगर! "बांगडो शिळो तर नाय ना?" मी बोलून गेलो.

मालवणात बायकोला याहून वाईट काही विचारता येत नाही. "बांगडो सकाळच्या रापणीचो असा," ती म्हणाली. "वास तुमच्या त्या बाटलीक येता." आणि ताट उचलून आत गेली.

तिचंच खरं निघालं. २००९ साली जपानी संशोधकांनी दाखवून दिलंय, की वाइनमधल्या लोहामुळे मासळीबरोबर तो नकोसा वास सुटतो. त्यात मिरची पडली की तुरटपणा आणि अल्कोहोलची आग दोन्ही वाढतात. बोर्दोवाले शहाणे. शेजारच्या आर्काशाँची कालवं खाताना ते पांढरी वाइन काढतात आणि लाल ठेवतात पोईयाकच्या कोकरासाठी. मी हे सगळं स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून वाचून दाखवलं. आतून उत्तर आलं नाही.

दुसऱ्या दिवशी उरलेली अर्धी बाटली कोंबडी-वड्यांबरोबर घेतली. वाटणातलं मिरचीचं प्रमाण निम्म्यावर आणायला हिला कोणी सांगावं? तरी रस्सा बाजूला ठेवून नुसती कोंबडी खाल्ली, तेव्हा मेडॉकने तोंडातली सुरी म्यान केली. चांगली वाइन आहे, हे मान्य.

एक मात्र सलतं. सीमेपलीकडे गोव्यात याच बोंडूची फेणी होते, तिला २००९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. आमच्याकडे बी काढून घेतात आणि कितीतरी बोंडू झाडाखाली कुजतात. तो वास घेत मी रोज बँकेत जातो.

हिचा अबोला चौथ्या दिवशी सुटला. रिकामी बाटली तिने धुऊन आगळ भरायला घेतली. लेबल तेवढं मी काढू दिलं नाही.