ऐकणाऱ्याचा अभाव : स्त्री-आत्मकथनातील हिंसा आणि नैराश्य

मराठी स्त्रियांच्या आत्मकथनांची चर्चा दीर्घकाळ 'प्रांजळपणा' आणि 'धीटपणा' या दोन शब्दांभोवती फिरत राहिली. लेखिकेने किती सांगितले, किती झाकले, कोणाचे नाव घेतले, याचा हिशेब मांडला गेला. बालपणीची होरपळ, वैवाहिक हिंसा आणि नैराश्य यांचा संबंध ही कथने कोणत्या रचनेतून उभा करतात, हा प्रश्न मात्र बाजूला पडला. तो मुळात वाङ्मयीन प्रश्न आहे. परंतु मानसशास्त्रीय संशोधनाची दखल घेतल्याखेरीज तो नीट मांडता येत नाही.

जॉर्ज ब्राउन आणि टिरिल हॅरिस यांचा नैराश्याच्या सामाजिक उगमाविषयीचा ग्रंथ १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला. लंडनच्या कॅम्बरवेल भागातील स्त्रियांचा अभ्यास हा त्याचा आधार होता. सारखाच आघात एका स्त्रीला नैराश्यात लोटतो आणि दुसरीला लोटत नाही, असे का, याचा शोध घेताना त्यांना चार गोष्टी महत्त्वाच्या वाटल्या : वयाच्या अकराव्या वर्षापूर्वी आई गमावणे, घरात तीन वा अधिक लहान मुले असणे, घराबाहेर काम नसणे आणि मन मोकळे करावे असे निकटचे नाते नसणे. पुढे १९९८ मध्ये व्हिन्सेंट फेलिट्टी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत केलेल्या पाहणीत बालपणीच्या सात प्रकारच्या प्रतिकूलता मोजल्या. आईला होणारी मारहाण पाहत वाढणे हा त्यांतील एक. चार वा अधिक प्रकार वाट्याला आलेल्यांत मद्यासक्ती, नैराश्य आणि आत्महत्येचे प्रयत्न यांचा धोका कितीतरी पटींनी अधिक आढळला. गोव्यातील विवाहित व अविवाहित स्त्रियांच्या २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांना नवऱ्याकडून होणारी लैंगिक हिंसा, निर्णयस्वातंत्र्याचा अभाव आणि कुटुंबाचा तुटपुंजा आधार यांचा मानसिक विकारांशी संबंध दिसला.

या निष्कर्षांतून एक सूत्र हाती लागते. ब्राउन-हॅरिस यांच्या मांडणीतील निकटचे नाते हे प्रामुख्याने नवऱ्याचे वा जोडीदाराचे आहे. म्हणजे जोडीदाराची हिंसा दुहेरी हानी करते. ती आघात करते, आणि ज्याच्यापाशी आघाताविषयी बोलावे तेच माणूस हिरावून घेते. ज्या मुलीचे बालपणही ऐकून घेणाऱ्या माणसावाचून गेले, तिच्या बाबतीत हे मुकेपण दुसऱ्यांदा घडते. आत्मकथनाचा विचार येथून सुरू व्हावयास हवा, कारण सांगणे हीच त्या वाङ्मयप्रकाराची मूळ कृती आहे.

हंसा वाडकर यांच्या १९७० च्या 'सांगत्ये ऐका'चे शीर्षक त्यांच्या १९५९ मधील गाजलेल्या चित्रपटाचे असले, तरी ग्रंथावर ते विनवणीसारखे उमटते. घरच्या गरजेपोटी कोवळ्या वयात पत्करलेला चित्रपटव्यवसाय, नवऱ्याचा संशय आणि मारहाण, मद्य, घर सोडून जाणे आणि पुन्हा त्याच घरी येणे, असा हा प्रवास आहे. 'नैराश्य' ही संज्ञा न वापरताही ते येथे कृतींच्या पुनरावृत्तीतून जाणवते : प्रत्येक सुटकेचा शेवट पहिल्या जागी होतो. अरुण साधू यांनी हे कथन शब्दबद्ध केले. त्यामुळे संहितेत बोलणारी आणि ऐकणारा असे दोघेही उपस्थित आहेत. आयुष्यात न मिळालेला श्रोता येथे ग्रंथाच्या निर्मितिप्रक्रियेतच आला.

बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' (१९८६) याच्या नेमके उलट टोकाला उभे आहे. सुनांचा छळ आणि स्त्रियांना होणारी मारहाण यांचे अंगावर काटा आणणारे चित्रण त्यात आहे. पण निवेदन 'आम्ही'चे आहे. स्वतःच्या नवऱ्याच्या संशयाविषयी आणि मारहाणीविषयी बेबीताई उघडपणे बोलल्या त्या माया पंडित यांच्याशी झालेल्या मुलाखतीत. ती २००८ च्या इंग्रजी अनुवादासोबत छापली गेली. हे लेखन त्यांनी कित्येक वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले होते, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. 'प्रांजळपणा'च्या निकषावर या मौनाला उणेपणा म्हणावे लागेल. वस्तुतः जातीने लादलेल्या दुःखाला समाजात श्रोता मिळू लागला होता. घरातल्या दुःखाला तो अजून मिळावयाचा होता. 'आम्ही'च्या आडून 'मी' जेवढे बोलू शकते, तेवढे येथे बोलली आहे.

मल्लिका अमरशेख यांचे 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' (१९८४) या दोन्हींपासून वेगळे पडते. कलावंत वडिलांच्या घरातले, लाडाकोडाचे बालपण आणि नंतर विवाहातील हिंसा, अशी येथील मांडणी आहे. बालपणीची प्रतिकूलता हीच पुढील नैराश्याची अटळ पूर्वपीठिका, हे गृहीतक या ग्रंथापुढे टिकत नाही. संशोधनही संभाव्यता सांगते, नियती सांगत नाही. सुरक्षित बालपणामुळे एखादीला अन्यायाची जाणीव लवकर आणि संतापाने होऊ शकते. मार मात्र त्यामुळे चुकत नाही.

एका आक्षेपाचा विचार येथे आवश्यक आहे. आत्मकथनाला रुग्णवृत्त मानून वाचणे ही त्याची अवहेलना नव्हे काय? तसे वाचन झाल्यास ती निश्चितच होईल. खिन्न मनाला भूतकाळही खिन्न दिसू शकतो, ही अडचण पाहणी करणाऱ्या संशोधकालाही भेडसावते. फरक इतकाच, की संशोधक स्मृतीची ही सरमिसळ वगळू पाहतो आणि आत्मकथन तिच्यातूनच आकार घेते. आजच्या निवेदिकेने कालच्या मुलीकडे कसे पाहिले, हे कोणत्याही आकड्यात सापडत नाही. वाक्यांच्या लयीत, गाळलेल्या जागांत आणि 'मी' व 'आम्ही' यांच्या निवडीत सापडते.

म्हणूनच समीक्षेने विचारावयाचा प्रश्न बदलावयास हवा. बाईने किती खरे सांगितले, यापेक्षा तिला कोणाला सांगता येत होते, हे आधी पाहिले पाहिजे. आत्मकथनाचा वाचक हा उशिरा लाभलेला श्रोता असतो. तो न्यायाधीशाच्या आसनावर बसला, तर पूर्वीच्या मुकेपणात आणखी एकाची भर पडते.